रूळ गेले, वाट राहिली

(सायकलप्रेमींच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

समोर बसलेल्यांपैकी काही जण पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही फ्रान्समधली लांब पल्ल्याची सायकलफेरी पूर्ण करून आले आहेत, आणि त्या तयारीसाठी बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या लांब सायकलफेऱ्या, करणारे तर बरेच दिसताहेत. १२०० किलोमीटर, ९० तास. त्यामुळे फ्रान्स आणि सायकल एकत्र आले की आपल्याला आधी घड्याळ आठवतं. त्या कष्टांबद्दल मला पूर्ण आदर आहे. आज मात्र मी त्याच देशातल्या वेगळ्या वाटांबद्दल बोलणार आहे. तिथे मोटार येत नाही, ट्रक येत नाही. मागे ट्रेलरमध्ये लहान मूल बसवून आईवडील निघालेले असतात. सत्तरी ओलांडलेली जोडपी सायकलला पॅनियर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, लावून गावोगाव फिरत असतात. पायांनी चालू न शकणारा एखादा प्रवासी हाताने पेडल मारायच्या तीनचाकीवरून जाताना दिसतो. लांबचा सायकलप्रवास फक्त धाडसी माणसांसाठी राखीव राहू नये असं मला मनापासून वाटतं, आणि या वाटांवर तो तसा राहिलेला नाही.

अशा वाटेला फ्रान्समध्ये 'व्ह्वा व्हेर्त' म्हणतात, म्हणजे हरित वाट. २००४ मध्ये तिथल्या वाहतूक नियमांत तिला स्वतंत्र स्थान मिळालं. इंजिन नसलेली वाहनं, पायी चालणारे, आणि जिथे परवानगी असेल तिथे घोडेस्वार, एवढ्यांनाच मुभा. पण कायदा नंतर आला. यातल्या बऱ्याच वाटा त्याआधीपासून जमिनीवर होत्या, आणि मुळात त्या सायकलसाठी बांधलेल्याच नव्हत्या. त्या कुणी, कशासाठी बांधल्या हे कळल्याशिवाय त्या इतक्या सुखाच्या का आहेत हे कळत नाही.

पहिला प्रकार कालव्याकाठचा. जुन्या काळी कालव्यातल्या बोटी काठावरून दोराने ओढून नेत. घोडे ओढायचे, खेचरं ओढायची, कधी माणसंही ओढायची. त्यासाठी पाण्याला लागून सलग वाट लागे. पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. चढ लागतो तो फक्त लॉकपाशी, म्हणजे जिथे दरवाजे लावून पाणी भरतात आणि बोट वरच्या पातळीवर नेतात तिथे. तो चढसुद्धा दोनचार पेडलांत संपतो.

यातला माझ्या मते सगळ्यात विलक्षण कालवा दक्षिणेतला, कानाल द्यु मिदी. पिएर-पॉल रिके नावाचा मिठावरचा कर वसूल करणारा अधिकारी. अटलांटिककडे जाणारं पाणी आणि भूमध्य समुद्राकडे जाणारं पाणी कालव्याने जोडायचं, ही कल्पना त्याच्या आधीही अनेकांनी मांडली होती. अडचण एकच होती. दोन्ही उतारांच्या मधल्या उंचवट्यावर कालव्याला पाणी आणायचं कुठून? रिकेने उत्तरेकडच्या माँतान्य न्वार डोंगरातले ओढे वळवले, सँ-फेरेओलला मोठं धरण बांधून पाणी साठवलं आणि ते पाटाने नोरूझच्या उंचवट्यावर आणलं. तिथून ते दोन्हीकडे सोडता येतं. काम १६६६ ते १६८१ चाललं. रिके १६८० मध्ये वारला. कालवा सुरू झालेला त्याने पाहिला नाही.

आता सायकलवर बसून हे पाहा. तुलूझहून नोरूझपर्यंत सुमारे ५० किलोमीटर होतात, आणि एवढ्या अंतरात आपण चढतो ६० मीटरपेक्षाही कमी. रिकेने बोटींसाठी सोडवलेलं गणित आज आपल्या गुडघ्यांच्या कामी येतं. या टप्प्यावर वाट पक्की आहे. नोरूझच्या पुढे भूमध्य समुद्राकडे जाताना मात्र बराच भाग मातीचा आहे, झाडांची मुळं वर आलेली आहेत, आणि पावसानंतर चिखल होतो. बारीक टायर घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

आणि झाडं. काठावर प्लेन वृक्षांच्या रांगा आहेत, आपल्याला माहीत असलेल्या काश्मीरच्या चिनाराच्याच कुळातल्या. एकेकाळी ती सुमारे ४२,००० होती. २००६ मध्ये इथल्या झाडांत एक बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून तो फ्रान्समध्ये आला असं मानतात. त्याच्यावर खात्रीचा इलाज नाही. लागण झालेलं झाड तोडून जाळावं लागतं, शेजारची झाडंही काढावी लागतात. हजारो झाडं अशी गेली. त्यांच्या जागी वेगवेगळ्या जातींची नवी रोपं लावताहेत, पण ज्या टप्प्यात सावली गेली आहे तिथे जुलैतलं ऊन नागपूरकरांनाही जाणवेल. मला या झाडांचं फार वाईट वाटतं. पण नवी रोपं लावणाऱ्यांना त्यांची सावली स्वतःला मिळणार नाही हे ठाऊक आहे, आणि तरीही ते लावताहेत, ही गोष्ट मला मोठी वाटते.

फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतातला नाँत-ब्रेस्त कालवा वेगळ्या कारणाने झाला. इंग्रजी आरमाराने समुद्रमार्ग रोखला होता, म्हणून नेपोलियनच्या काळात आतून मार्ग काढायचं ठरलं. ग्लोमेल गावापाशी डोंगर कापून खोल चर खणावा लागला. तो खणला कैद्यांनी. त्यांत लष्कराकडून शिक्षा झालेले बरेच होते. १८२३ पासून पुढची काही वर्षं ते तिथे राबत होते. आज त्या चरात दाट झाडी आहे, गारवा आहे. तिथून जाणाऱ्याने त्या माणसांची आठवण ठेवावी असं मी आग्रहाने सांगतो, कारण आपल्याला सपाट वाटणारी प्रत्येक वाट कुणाच्या तरी पाठीवरून आली आहे.

दुसरा प्रकार रेल्वेचा. १८७९ मध्ये शार्ल द फ्रेसिने हे सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना छोट्या छोट्या गावांपर्यंत रेल्वे नेण्याची मोठी योजना आली. पुढे मोटारी आणि बस आल्या, प्रवासी घटले, आणि विसाव्या शतकात यातल्या अनेक शाखा बंद पडल्या. रूळ उखडले, मागे राहिली ती भराव घालून आणि डोंगर कापून केलेली सौम्य चढाची पट्टी. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. गाडी वर न्यायला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात. सायकलस्वाराला मात्र तेवढा चढ म्हणजे गिअर एकदोनदा खाली घेण्याइतकाच. आणि फ्रान्समधल्या या ग्रामीण शाखांवर बहुतेक ठिकाणी चढ त्याहूनही कमी आहे.

अशी पहिली हरित वाट १९९७ मध्ये बरगंडीत झाली. जिव्री ते क्लुनी, ४४ किलोमीटर. द्राक्षमळे, ब्युक्सीचं गाव, कॉर्मातँचा राजवाडा, तेझेच्या टेकडीचा पायथा, आणि शेवटी क्लुनी, जिथला मठ सन ९१० मध्ये स्थापन झाला. वाटेत जुनी स्टेशनं अजून उभी आहेत. क्लुनीच्या दक्षिणेला ब्वा क्लेरचा जुना रेल्वे बोगदा लागतो, दीड किलोमीटरहून लांब. आत दिवे आहेत, उन्हाळ्यातही थंडी वाजते. हिवाळ्यात हा बोगदा सायकलींना बंद असतो, कारण वटवाघळं तिथे शीतनिद्रा घेतात. तेवढे महिने आपण टेकडी चढून जायचं. हा नियम मला अगदी योग्य वाटतो.

बंद रेल्वेच्या जमिनीचं सगळ्यात सोपं काम म्हणजे तुकडे पाडून विकणं. शेजारच्या शेतकऱ्याला पट्टी हवी असते, कुणाला गोदामाला जागा हवी असते. एक तुकडा गेला की सलगपणा संपला, आणि सलगपणाच या वाटेचा जीव आहे. फ्रान्समध्येही काही ठिकाणी असे तुकडे गेले, आणि तिथे सायकलस्वार आजही मध्येच डांबरी रस्त्यावर ढकलला जातो. पण अनेक जिल्ह्यांच्या प्रशासनांनी पट्टी हातात ठेवली, तिच्यावर डांबर किंवा दाबलेली खडी घातली आणि देखभालीचा खर्च वर्षानुवर्षं उचलला. हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही मला दिसत नाही.

एक इशारा. नकाशावर सायकलमार्ग दिसला म्हणजे तो मोटारमुक्त असेलच असं नाही. 'व्हेलोरूत' म्हणजे खुणा लावलेला लांब पल्ल्याचा सायकलमार्ग. त्यात हरित वाटाही येतात आणि कमी रहदारीचे गावरस्तेही. ल्वार नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा प्रसिद्ध मार्ग सुंदरच आहे, पण त्यात मोटारींसोबत वाटून घेतलेले रस्ते पुष्कळ आहेत. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर टप्पा न् टप्पा आधी तपासा. शिवाय हरित वाट चालणाऱ्यांचीही आहे. तिथे ताशी ३५ च्या वेगाने घुसणं मला अशोभनीय वाटतं.

व्यवहाराच्या थोड्या गोष्टी. शेंगेन व्हिसासाठी राहण्याचे पुरावे लागतात, त्यामुळे मुक्काम आधीच ठरवावे लागतात. म्हणून रोजचं अंतर कमी धरा. 'अक्यी व्हेलो' ही पाटी असलेल्या मुक्कामी सायकल ठेवायला सुरक्षित जागा असते. खेड्यातली दुकानं दुपारी दोनेक तास बंद असतात, आणि रविवारी दुपारनंतर काही मिळेल या भरवशावर राहू नका. पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधा, तिथे बहुधा नळ असतो. फक्त पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना, ते बघून घ्या.

पहिल्यांदा कुठे जावं, असं मला नेहमी विचारतात. मी तुलूझहून पश्चिमेला गारोन कालव्याकाठी जायला सांगतो. पक्की वाट, काठाने झाडं, म्वासाकचा जुना मठ, आणि आजाँला २३ कमानींचा पूल, ज्यावरून कालवाच नदी ओलांडतो. रेल्वे बऱ्याच अंतरापर्यंत शेजारून धावते. मुलं दमली, कुणाचा गुडघा दुखला, तर म्वासाक, आजाँ किंवा मार्मांदला स्टेशनात जायचं. पुढे कालवा सोडून सोव्हतेर-द-ग्युयेनपर्यंत गावरस्त्याने जावं लागतं. तिथे चढउतार आहेत आणि मोटारीही आहेत. मग जुन्या रेल्वेच्या पट्टीवरची वाट लागते. १९३७ ची तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रोजे लापेबीचं नाव तिला दिलं आहे, आणि ती द्राक्षमळ्यांमधून थेट बोर्दोच्या वेशीपर्यंत नेते. जायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर निवडा. नकाशे मी आणलेत, ज्यांना हवेत त्यांनी पुढे या.