उत्तर रशियातली लाकडी चर्च: बांधणी आणि पडझड

उत्तर रशियातल्या जुन्या लाकडी चर्चबद्दल एक समज पक्का आहे: एकही खिळा न वापरता बांधलेली. भिंतींपुरतं ते बरंचसं खरं आहे. छपरावर मात्र खिळे असतात, आणि इमारतीचा ऱ्हासही बहुधा छपरापासूनच सुरू होतो. त्यामुळे आज भिंती थोडक्यात आटोपून छपराकडे वळू.

भिंत म्हणजे पाइनचे आडवे ओंडके. कोपऱ्यात अर्धगोल खाच करून ते एकमेकांत अडकवतात आणि टोकं थोडी बाहेर सोडतात, म्हणजे सांधा थंडीवाऱ्यापासून झाकलेला राहतो. दोन ओंडक्यांमधल्या फटीत शेवाळ दाबलेलं असतं. त्यासाठीची पन्हळ चांगल्या कामात वरच्या ओंडक्याच्या पोटाला कोरतात. खालच्याच्या पाठीवर कोरली तर तिच्यात पाणी साचतं. चौकोनी जोत्यावर अष्टकोन आणि त्यावर उंच निमुळतं छप्पर, हा तिकडचा आवडता घाट. अष्टकोनामुळे बेताच्या लांबीच्या ओंडक्यांतही प्रशस्त जागा मिळते. छपराखालचे शेवटचे थर एकेक करत बाहेर सरकवलेले दिसतात. ती नक्षी नाही. छपरावरचं पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून केलेली ती सोय आहे.

आता छप्पर. घुमटांवर आस्पेनच्या लाकडाची छोटी कौलं बसवतात. ती कुऱ्हाडीनं तासलेली, खालचं टोक पायऱ्यापायऱ्यांनी निमुळतं केलेली असतात. ओलं आस्पेन सहज तासता येतं. वाळलं की कठीण होतं आणि उन्हापावसात रुपेरी दिसायला लागतं. प्रत्येक कौल वरच्या बाजूला खिळ्यानं ठोकतात आणि पुढची ओळ तो खिळा झाकते. करवतीनं कापलेली कौलं वापरली तर लाकडाचे तंतू उघडे पडतात आणि पाणी ओढून घेतात. कुऱ्हाडीचा घाव तंतूंची टोकं दाबून बंद करतो. सपाट उतारांवर फळ्यांच्या खाली बर्चची साल अंथरतात. पाणी अडवणारा खरा थर तोच.

ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावरचं रूपांतरण चर्च 1714 सालचं. उंची 37 मीटर, घुमट 22, आणि त्यांवर अशी सुमारे 30 हजार कौलं. एवढे घुमट म्हणजे पाणी शिरायच्या एवढ्याच जागा. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून घुमटांच्या खाली, आतल्या बाजूला, आणखी उतरती छपरं आहेत. वरून झिरपलेलं पाणी ती अडवतात आणि पन्हळींनी बाहेर सोडतात. खालून पाहणाऱ्याला हे काही दिसत नाही. माझ्या मते या इमारतीतलं सर्वांत हुशारीचं काम तेच आहे.

या रचनेत एक अट गृहीत धरलेली आहे: दर काही दशकांनी कुणीतरी वर चढून कौलं बदलणार. एकोणिसाव्या शतकात यावर उपाय म्हणून अनेक चर्चना बाहेरून फळ्या आणि वर लोखंडी पत्रे बसवले. भिंतींना आडोसा मिळाला, पण आतली कूज दिसेनाशी झाली. 1950 च्या दशकात किझीवरचं हे आवरण ‘मूळ रूप’ परत आणण्यासाठी काढलं. रूप आलं, पण दीडशे वर्षांच्या आसपास मुरलेली कमजोरी उघड्यावर पडली. याबद्दल तज्ज्ञांत अजून वाद आहेत. मला विचाराल तर तो निर्णय डोळ्यांसाठी घेतलेला होता.

खेड्यापाड्यांतल्या चर्चचं दुखणं वेगळं होतं. एप्रिल 1929 च्या सोव्हिएत कायद्यानुसार इमारत वापरायला किमान 20 जणांच्या मंडळाशी करार होई आणि दुरुस्तीचा बोजा त्याच मंडळावर पडे. दुरुस्ती झाली नाही तर इमारत काढून घेता येई. त्याच सुमारास सामूहिक शेती आणि धरपकड सुरू झाली. 20 जण कुठून आणायचे, आणि लाकूड कशाच्या पैशानं? बंद चर्चमध्ये कोठार, नाहीतर क्लब आला. पुढे 1960-70 च्या दशकांत लहान गावांवर ‘भवितव्य नसलेली’ असा शिक्का बसला. शाळा, दुकान गेलं, मग माणसंही गेली.

त्यानंतरचा क्रम ठरलेला असतो. कौलं निसटतात, साल फाटते, पाणी छपराच्या कडेवरून कोपऱ्याच्या सांध्यात उतरतं. तिथली खाच आधीच ओंडक्याची जाडी कमी करून बसलेली, म्हणून कूज तिथेच धरते. दुसरीकडे भिंतीच्या पायथ्याशी माती आणि गवत साठतं, तळाचे ओंडके ओले राहतात. एक कोपरा खचला की वरचा सगळा डोलारा कलतो, सांधे उघडतात आणि आणखी पाणी येतं.

किझीत 1980 च्या दशकात आतून पोलादी सांगाडा उभारून वरचा भार सावरला. त्यासाठी आतली येशू आणि संतांच्या चित्रांची भिंत, फरशी, छत काढावं लागलं. पुढची दुरुस्ती त्याच सांगाड्याच्या आधारानं झाली. चर्च उभं ठेवून वरचा भाग उचलून धरायचा, खालचा एक पट्टा सोडवायचा, ओंडक्यांचा फक्त कुजलेला भाग कापून तिथे नवं पाइन बसवायचं, जमिनीवर जुळवून पाहायचं आणि परत चढवायचं. असे सात पट्टे केले. 2020 मध्ये चर्च पुन्हा खुलं झालं.

ओनेगा सरोवराकाठच्याच कोंदोपोगा गावातलं 1774 सालचं, सुमारे 42 मीटर उंच चर्च मात्र 10 ऑगस्ट 2018 रोजी जळालं. आग एका अल्पवयीन मुलानं लावली होती. अशा इमारतीत पोकळ, उंच छप्पर धुराड्यासारखं हवा वर ओढतं आणि वाळलेलं पाइन हाताशी असतंच. ही चर्च वाचवण्याच्या कामातल्या मंडळींचा आग्रह म्हणूनच साध्या गोष्टींवर असतो. संरक्षित इमारतीची पूर्ण दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही, स्वयंसेवक करतात ते तातडीचे बचावाचे उपाय: छपरावर तात्पुरतं आच्छादन, कललेल्या कोपऱ्याला टेकू, पायथ्याची माती ओढून पाण्याला वाट, भोवतालचं वाळलेलं गवत कापणं, दाराला कुलूप. यात आच्छादन आधी. माती ओढायची घाई झाली तरी तळाचा ओंडका तपासल्याशिवाय खणू नये, कारण पुष्कळदा भिंत त्या मातीवरच टेकलेली असते.