उठवणाऱ्याचे वर्षाला पाच पौंड

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'यशस्वी माणसांच्या कामाच्या सवयी' असा छापला आहे आणि त्याखाली संयोजकांनी उत्साहाच्या भरात 'रोज अमलात आणता येतील अशी तीन सूत्रे' अशी एक ओळ वाढवली आहे. ती सूत्रे मी सांगणार आहे, पण शेवटी. कारण ती आधीच सांगितली तर अर्धे सभागृह टिपून घेऊन कामाला लागण्यासाठी उठेल, आणि विषयच असा असल्यामुळे त्यांना अडवायला मला तोंड राहणार नाही. तोवर माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी. यशस्वी माणसाविषयी आपण हमखास विचारतो, तो किती वाजता उठतो? तो किती वाजता थांबतो, हे क्वचितच विचारले जाते, आणि त्याला कोण उठवते, हे विचारणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही.

'लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान, आरोग्य, संपत्ती भेटे' ही ओळ आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घोकलेली असेल. मूळ म्हण इंग्रजीतली आणि बरीच जुनी. ती सर्वतोमुखी झाली ती बेंजामिन फ्रँकलिनमुळे, ज्याने ती 1735 साली आपल्या पंचांगवजा वार्षिकात छापली. इंग्रजीत आधी आरोग्य, मग संपत्ती आणि शेवटी शहाणपण असा क्रम आहे. आम्ही घोकलेल्या पाठात ज्ञान पहिल्या बाकावर येऊन बसले, संपत्ती मागे गेली आणि आमच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत ती तिथेच राहिली. मुद्दा मात्र वेगळाच आहे. या ओळीची सुरुवात 'लवकर निजे' अशी होते. पहाटे पाचच्या गजराचा प्रचार करणाऱ्या मंडळींनी हे पहिले दोन शब्द सोडून देऊन उरलेल्या ओळीवर आपला संसार थाटला आहे.

फ्रँकलिनने आत्मचरित्रात आपल्या दिवसाचा तक्ता दिला आहे. त्यात पाचला उठणे आहे, पण रात्री दहाला झोपणेही आहे, म्हणजे सरळ सात तासांची झोप. कामाचे चार तास सकाळी आणि चार तास दुपारी. मध्ये दोन तास वाचन, हिशेब आणि जेवण. संध्याकाळी वस्तू जागच्या जागी ठेवणे, संगीत आणि गप्पा. सकाळचा प्रश्न, आज मी कोणते चांगले काम करीन? रात्रीचा प्रश्न, आज मी कोणते चांगले काम केले? तक्ता सुरेख आहे आणि तो भिंतीवर लावणारे पुष्कळ आहेत. मात्र त्याच आत्मचरित्रात त्याची कबुलीही आहे, आणि ती कोणी भिंतीवर लावत नाही. त्याने स्वतःसाठी तेरा सद्गुणांची यादी केली होती. त्यांतला 'व्यवस्था', म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक कामाला वेळ, हा गुण आपल्याला कधीच साधला नाही, याबाबतीत आपण सुधारण्यापलीकडचे ठरलो, असे त्याने 1784 मध्ये, वयाच्या 78व्या वर्षी, लिहून ठेवले आहे.

ते सांगताना तो एका कुऱ्हाडीची गोष्ट देतो. एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि तिची धार जशी लखलखीत आहे तसे सगळे पातेच लखलखीत हवे, असा हट्ट धरला. लोहार म्हणाला, करून देतो, पण सहाणेचे चाक तू फिरव. लोहार पात्याची रुंद बाजू दगडावर दाबून धरी, त्यामुळे चाक फिरवणे भलतेच जड जाई. हा गृहस्थ दर थोड्या वेळाने येऊन काम कुठवर आले ते पाही. शेवटी तो म्हणाला, राहू द्या, आहे तशीच नेतो. लोहार म्हणाला, फिरव अजून, आत्ता तर नुसते ठिपके दिसत आहेत. त्यावर याचे उत्तर होते की मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड जास्त आवडते. जगाला वेळापत्रक शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या वेळापत्रकाविषयी सांगितलेली ही गोष्ट आहे, आणि माझ्या मते त्या तक्त्यापेक्षा तिच्यात शिकण्यासारखे अधिक आहे.

आता माझी कुऱ्हाड. काही वर्षांपूर्वी मीही पाचला उठण्याचा संकल्प केला, आणि तोही मोजून एकवीस दिवसांचा, कारण एकवीस दिवसांत सवय जडते असे कुठेतरी वाचले होते. या आकड्याचा उगम पुढे शोधला. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये असे नोंदवले होते की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'निदान' गळाला, चेहरा गळाला आणि आकडा तेवढा उरला. मी चार रंगांच्या पेनांनी तक्ता आखला. पाच ते साडेपाच या हिरव्या चौकोनात 'चिंतन' असे ठळक लिहिले. नवव्या दिवशी चिंतन करता करता माझे डोके त्या चौकोनावर टेकले आणि सात वाजता मी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा कपाळावर उलट्या अक्षरांत तो शब्द हिरवागार उमटला होता. इथवर हसण्यासारखे आहे. पुढचे मला फार उशिरा उमगले. त्या नऊ दिवसांत गजराने मी एकदाही उठलो नव्हतो. गजराने पत्नी उठे आणि ती मला उठवी. दहाव्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "उठायचा नेम तुमचा, पण पाळते आहे मी."

हे वाक्य डोक्यात घोळत असताना अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचे आत्मचरित्र माझ्या हाती आले. ते त्याच्या मृत्यूनंतर 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. या माणसाने 1867 पर्यंत टपाल खात्यात नोकरी केली, त्या खात्यासाठी प्रवास केला, चॅनल बेटांवर 1852 मध्ये रस्त्याकडेच्या पत्रपेट्या आणण्यात पुढाकार घेतला आणि शिवाय 47 कादंबऱ्या लिहिल्या. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लिखाण वाचण्यात जाई. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. हिशेब करा, अडीच तासांत अडीच हजार शब्द होतात. तीन तास झाले की लेखन बंद; माणसाने दिवसात याहून जास्त लिहूच नये, असे त्याचे मत होते. किती पाने झाली याची नोंद तो रोजच्या रोज वहीत करी, आणि एखादा आठवडा रिकामा गेला तर ती वही डोळ्यांत खुपत राही, असेही त्याने लिहिले आहे.

सवयींवर लिहिणारे इथपर्यंत सगळे मोठ्या आवडीने सांगतात. त्याच परिच्छेदात पुढे जे आहे त्याची मात्र सहसा दखल घेतली जात नाही. ट्रोलपकडे घोड्यांची देखभाल करणारा एक म्हातारा सेवक होता. पहाटे धन्याला उठवणे आणि कॉफी आणून देणे हे त्याच्याकडे सोपवलेले जादा काम, आणि त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळत. त्या घरातल्या इतक्या वर्षांत त्याला कॉफी आणायला एकदाही उशीर झाला नाही, आणि आपल्या यशात इतर कोणाहीपेक्षा कदाचित त्याचाच वाटा मोठा मानायला हवा, असे खुद्द ट्रोलप म्हणतो. परिच्छेदात सेवकाचे नाव नाही. साडेपाचला कॉफी तयार हवी तर तो स्वतः किती वाजता उठत होता, हेही नाही. त्याला कोणी उठवत नव्हते, त्याला कोणी वर्षाला पाच पौंड देऊन ठेवलेला माणूस नव्हता, आणि शिस्त हाच यशाचा निकष असेल तर त्या घरातला सर्वांत यशस्वी माणूस तबेल्याच्या बाजूला राहत होता.

डार्विनकडे वळलो तरी चित्र बदलत नाही. त्याची दिनचर्या त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, बारकाईने लिहून ठेवली आहे. सकाळी आठ ते साडेनऊ काम. मग पत्रे आणि घरच्यांनी मोठ्याने वाचून दाखवलेला कादंबरीचा भाग. साडेदहा ते बारा पुन्हा काम. दुपारी बाराला आपला कामाचा दिवस संपला असे तो समजे आणि आज चांगले काम झाले, असे समाधानाने म्हणे. म्हणजे त्याच्या लेखी झाले तीनच तास. नंतर पाऊस असो वा ऊन, घरामागच्या वाळूच्या पायवाटेवर फेऱ्या. पूर्वी तो या फेऱ्या मोजत असे, आणि त्यासाठी वाटेच्या कडेला गारगोट्यांची एक रास होती. प्रत्येक फेरीला येता जाता तो त्यातली एक पायाने वाटेवर ढकलून देई. आकडा मनात धरून ठेवायला नको, डोके विचाराला मोकळे. एवढ्याशा युक्तीवर मी अर्धा तास बोलू शकेन, पण संयोजक घड्याळाकडे पाहू लागले आहेत. इतकेच सांगतो की ज्या घरात हे तीन तास कोणी मोडत नव्हते, त्या घरच्या जोडप्याला दहा मुले झाली होती, नोकरचाकरांचा राबता होता आणि ते सगळे एमा डार्विन सांभाळत होत्या. ते तीन तास डार्विनने वापरले, राखले मात्र एमाबाईंनी.

आणि पहाटेचेच म्हणाल तर काफ्का या लेखकाचे उदाहरण पुरे. प्राग शहरातल्या कामगार अपघात विमा संस्थेतली नोकरी दुपारी सुटायची, मग झोप, आणि लेखन रात्री उशिरा. 1912 च्या सप्टेंबरात एक संपूर्ण कथा त्याने रात्री दहा ते सकाळी सहा अशी एका बैठकीत लिहून काढली. म्हणजे पहाटे पाचला तोही जागाच होता.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. 'पाच मिनिटे. तीन सूत्रे राहिली.' त्यांचे बरोबर आहे, तेव्हा आता भराभर सांगतो.

पहिले सूत्र मापाचे. काम 'झाले' हे डोळ्यांना दिसेल असे छोटे माप ठरवावे, मग ते शब्दांचे असो, पानांचे असो वा गारगोट्यांचे. सवय पक्की व्हायला किती दिवस लागतात, याचा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला. 2010 मध्ये छापलेल्या त्या निबंधात मधला आकडा, म्हणजे मध्यक, 66 दिवस निघाला, पण माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. आणि एखादा दिवस चुकल्याने घडी विस्कटत नाही, हेही त्यात दिसले. म्हणून खाडा झाला तर संकल्प नव्याने करू नये, दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कामाला बसावे.

दुसरे सूत्र थांबण्याचे. अर्धवट कामे मनात टोचत राहतात, असे निरीक्षण मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये मांडले होते. पुढे 2011 मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी दाखवले की काम पुरे केले नाही, पण ते केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, तरी टोचणी कमी होते. तेव्हा काम थांबवून उठण्यापूर्वी दोन मिनिटे काढून उद्याचे पहिले काम कागदावर लिहावे, आणि ते 'अहवाल' असे लिहू नये, 'अहवालाच्या तिसऱ्या पानावरचा तक्ता तपासणे' असे लिहावे. याच कारणासाठी एका कामातून दुसऱ्यात उडी मारू नये. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवले की मागच्या कामाचा गाळ लक्षात उरतो आणि पुढचे काम गढूळ करतो. गाळ हा शब्द माझा आहे, त्यांचा अधिक सभ्य आहे.

तिसरे सूत्र, ज्यासाठी खरे तर मी आलो होतो आणि ज्यासाठी आता दीड मिनिट उरले आहे, ते असे. आपला निवांत तास नेहमी कोणाच्या तरी तासातून कापलेला असतो. फोन कोण घेते, दार कोण उघडते, आजाऱ्याजवळ कोण बसते, सहकाऱ्यांपैकी कोणाच्या टेबलावर आपले येणारे-जाणारे वळवले जातात, हे आधी एका कागदावर लिहावे आणि मग आपले वेळापत्रक आखावे. त्या माणसाला मोबदला द्यावा, आणि मोबदला म्हणजे त्याच मापाचा, तितकाच अखंड, तितक्याच कडेकोट पहाऱ्यातला तास. ट्रोलपने निदान पाच पौंड दिले आणि छापील कबुली दिली. आपण बहुतेक जण दोन्ही चुकवतो.

दुसरी चिठ्ठी आली आहे आणि तिच्यावर नुसताच टिंब आहे. एखादी कादंबरी तीन तासांच्या मध्येच संपली तर ट्रोलप उरलेल्या वेळात पुढची सुरू करी, असे सांगतात. माझ्याकडून तशी भीती बाळगू नये. माझ्या त्या तक्त्याचे काय झाले, असे मघाशी समोरच्या रांगेतून कोणीतरी विचारले होते, तेवढे सांगून बसतो. पत्नीने दोन वर्षांपूर्वी पुन्हा अभ्यास सुरू केला आणि तिला पहाट हवी होती. तेव्हा गजर आता माझ्या उशाशी असतो, तिला मी उठवतो आणि ती वाचत असताना दार आणि फोन माझ्याकडे असतात. त्या म्हाताऱ्या सेवकाची बरोबरी मला साधलेली नाही, कारण आजवर चार वेळा उशीर झाला आहे, आणि पाच पौंडांचा विषय तिने अजून काढलेला नाही.