घट्ट माती, घट्ट गड्डा

(दृश्य: डिसेंबरची सकाळ. पानांच्या कडांवर गोठलेलं दव. झाडांच्या ओळीवरून कॅमेरा सरकतो.)

इंग्लंडमधल्या बेडफर्डशरची ही एक अलॉटमेंट. अलॉटमेंट म्हणजे घरापुरता भाजीपाला पिकवायला वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. पूर्ण तुकडा जुन्या मापाने दहा रॉडचा, म्हणजे सुमारे 250 चौरस मीटर. त्यातल्या एका वाफ्यात ही ब्रसेल्स स्प्राऊटची झाडं उभी आहेत.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि स्प्राऊट ही सगळी एकाच जातीची भावंडं. कोबी शेंड्याला एकच मोठा गड्डा धरतो. स्प्राऊट प्रत्येक पानाच्या बेचक्यात एकेक लहान गड्डा धरतो. खोडाजवळून पाहा. बुडाचे गड्डे अडीच-तीन सेंटीमीटरचे झालेत, शेंड्याकडचे अजून वाटाण्याएवढे आहेत. एकाच खोडावर आजची भाजी आहे आणि जानेवारीचीही.

या भागाला या पिकाची जुनी सवय आहे. सँडी, बिगल्सवेड, पॉटन या गावांच्या हलक्या जमिनीत भाजीचे मळे होते. लंडनच्या तबेल्यांतलं घोड्याचं खत रेल्वेने इकडे यायचं आणि भाजी रेल्वेनेच लंडनला जायची. ‘बेडफर्ड फिलबास्केट’ हे तेव्हाचं वाण. त्याचं बी आजही मिळतं.

(दृश्य: जूनची सुरुवात. रोपं, दोरी, खुरपं. बुटाची टाच मातीवर.)

मार्च-एप्रिलमध्ये दोन सेंटीमीटर खोल पेरलेल्या बियांची ही रोपं आता दहा-पंधरा सेंटीमीटरची झाली आहेत. खरं काम इथून पुढे.

हा वाफा आदल्या हिवाळ्यात खणून, शेणखत मिसळून ठेवलेला आहे. लावणीआधी तो पुन्हा खणायचा नाही. उलट, तुडवायचा. पाहा: माणूस टाचांवर भार देत, बारीक पावलं टाकत वाफ्यावरून चालतो, मग दाताळ्याने वरचा पापुद्रा तेवढा मोकळा करतो. भुसभुशीत मातीचं कौतुक ऐकत वाढलेल्यांना हे पाहवत नाही. पण स्प्राऊटचं झाड सहा-सात महिने जागेवर उभं राहतं आणि वरून जड होत जातं. माती सैल असली की वाऱ्याने ते बुडातून हलतं, बारीक मुळं तुटतात, पाणी-अन्न अडखळत पोहोचतं. मग गड्डे घट्ट मिटत नाहीत. पानं सुटून फुलल्यासारखी होतात. नत्र जास्त झालं किंवा ऐन वेळी उष्मा झाला, तरी हेच होतं.

रोप सर्वांत खालच्या पानापर्यंत मातीत जातं. दोन रोपांत 60 सेंटीमीटर, दोन ओळींत 75. एवढी जागा उघडी दिसते म्हणून मध्ये आणखी रोप कोंबायचा मोह होतो. तो टाळलेलाच बरा, कारण गर्दीत हवा खेळत नाही आणि गड्डे बारीक राहतात. लावलं की बुडाभोवती माती मुठीने दाबायची. मग परीक्षा: एक पान चिमटीत धरून वर ओढायचं. पान फाटलं आणि रोप जागचं हललं नाही, तर लावणी पास.

(दृश्य: रोपाभोवती चकती बसवणारे हात, जवळून.)

ही जुन्या गालिच्याखालच्या अस्तराची चकती, सुमारे पंधरा सेंटीमीटरची. मध्यापर्यंत एक काप, मधोमध खोडापुरतं भोक. कोबीवरची मूळमाशी खोडाला लागून मातीत अंडी घालते आणि तिच्या अळ्या मुळं खातात. रोप निळसर पडून माना टाकतं, तोवर उशीर झालेला असतो. चकती जमिनीला चिकटून बसली की माशीला खोडाशी जागाच मिळत नाही. फट राहिली तर चकतीचा उपयोग शून्य.

वर जाळी. सात मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची, कमानींवर ताणलेली. पांढरी फुलपाखरं पानामागे पिवळी अंडी घालतात, कबुतरं पानांच्या शिरा तेवढ्या शिल्लक ठेवतात. जाळी दोघांनाही पुरते. मात्र ती पानांना टेकता कामा नये, नाहीतर फुलपाखरू जाळीवर बसूनच छिद्रातून अंडी घालतं. ज्या वाफ्यावर जाळी आहे तिथे या फुलपाखरांच्या अळ्यांसाठी फवारणी लागत नाही. जाळीचा खर्च एकदाच, आणि ती पुढे कित्येक वर्षं चालते. राखाडी मावा मात्र तिलाही जुमानत नाही. पानं उलटून पाहायची, वसाहत लहान असतानाच बोटाने चिरडायची.

चुन्याचं एवढंच: मातीचा सामू (आम्लतेचं माप, pH) 7 च्या आसपास हवा, चुना त्यासाठीच. आम्ल, पाणथळ जमिनीत मुळांना गाठी आणणारा क्लबरूट रोग बळावतो, आणि एकदा आला की त्याचे बीजाणू वीस वर्षांपर्यंत मातीत तग धरतात. ‘क्रिस्पस’ हे वाण त्याला दाद देत नाही.

(दृश्य: सप्टेंबर. काठ्या, सुतळी, पिवळी पानं.)

कोरड पडली तर दहा दिवसांतून एकदा भरपूर पाणी. जुलैत एकदा कोंबडीखताच्या गोळ्या. सप्टेंबरमध्ये बुडाला मातीची भर, आणि वाऱ्याच्या जागी प्रत्येक झाडाला काठी. खालची पानं पिवळी पडली की देठासकट खाली मोडून काढायची. ठेवली तर कुजतात आणि गड्ड्यांवर बुरशी चढते. हिरवी पानं ओरबाडू नयेत, गड्डे त्यांच्याच जिवावर भरतात.

(दृश्य: पुन्हा डिसेंबर. अंगठा गड्ड्यावर.)

काढणी बुडापासून वर. अंगठ्याने गड्डा खाली दाबत जरा पिरगळला की कट्‌ करून सुटतो. थंडीच्या कडाक्यात झाड साखर साठवतं, म्हणून कडाक्यानंतरचा गड्डा गोड लागतो. कडवटपणा सिनिग्रिन आणि प्रोगोइट्रिन या गंधकयुक्त द्रव्यांचा. 1990 च्या दशकात नेदरलँड्समध्ये ती हेरली गेली आणि पुढची वाणं सौम्य निघाली. ज्यांनी लहानपणी एकदा चाखून कानाला खडा लावला, त्यांनी तरी पुन्हा चव घ्यायला हरकत नाही. एका झाडावर साधारण किलोभर गड्डे मिळतात, शिवाय शेंड्याची कोवळी पानं. तीही कोबीसारखी शिजतात.

महाराष्ट्रात सलग एवढी थंडी मिळत नाही. भारतात हे पीक निलगिरीसारख्या थंड डोंगरांत होतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. कढई, वाफ.)

स्प्राऊटची बदनामी पातेल्यात झाली. फार वेळ उकडलं की गंधकाचा वास सुटतो आणि घरभर राहतो. उकळत्या मिठाच्या पाण्यात पाच-सहा मिनिटं पुरे. बुडाला फुलीचा काप देण्याची चालही सोडावी. त्यातून पाणी आत शिरतं आणि गड्डा गिळगिळीत होतो.

इथे फोडणी चालली आहे. चारशे ग्रॅम स्प्राऊट, उभे दोन तुकडे करून. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, दोन मिरच्या. आधी दोन तास भिजवलेली दोन चमचे हरभऱ्याची डाळ जाते. पाण्याचा हबका आणि झाकण, पाच मिनिटं. मग स्प्राऊट, कापलेली बाजू कढईला टेकेल असे पालथे, तीन मिनिटं न हलवता. तो तपकिरी डाग पाहा, चव तिथे आहे. मीठ, आणखी एक हबका, झाकून चार मिनिटं. पुढे झाकण उघडंच, नाहीतर हिरवा रंग जातो. वर ओलं खोबरं. भट्टीत करायचं तर तेल-मीठ चोळून 200 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं.

यात के जीवनसत्त्व भरपूर असतं; रक्त गोठू न देणारं वॉरफरिन हे औषध घेणाऱ्यांनी प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

(दृश्य: मार्च. हातोडी, खोडं.)

मार्चमध्ये उरलेली झाडं फुलावर येतात. त्यांचे कोवळे तुरे तोडून खाता येतात. खोडं उपटून लगेच हलवायची, कारण पांढरी माशी आणि मावा त्यांच्यावरच हिवाळा काढतात. लाकडासारखं खोड तसंच खतात टाकलं तर वर्ष गेलं तरी कुजत नाही. म्हणून ही हातोडी. ठेचून तंतू मोकळे केले की काम होतं. क्लबरूटच्या गाठी असलेली मुळं मात्र खतात टाकायची नाहीत. रिकाम्या वाफ्यात आता बटाटे, आणि स्प्राऊटसाठी पुढची जागा जिथे गेल्या उन्हाळ्यात वाटाणा होता ती.