छिंगचं कुटुंब

[चौकटींची वही, पेन्सिल. अगदी जवळून.]
एकच अक्षर, वीस वेळा. चिनी शिकायला बसलं की सुरुवात अशीच होते. पान भरतं, बोटं दुखतात, आणि चार दिवसांनी तेच अक्षर समोर आलं की उच्चार आठवत नाही. चीनच्या 2013 च्या प्रमाण यादीत 8105 अक्षरं आहेत. त्यातली नेहमीच्या वापरातलीच 3500.

[लॅपटॉप. शीट उघडते.]
या ताई दिवसभर हिशेब बघतात. एक्सेल हातातलं, म्हणून अक्षरंही त्यातच भरायला घेतली. पहिल्या रकान्यात अक्षर. मग पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतला उच्चार. मग सूर, म्हणजे उच्चारातला चढ-उतार, एक ते चार. मग मराठी अर्थ. आणि ज्यांच्यासाठी ही फिल्म केली, ते शेवटचे दोन रकाने: अर्थाचा भाग, आवाजाचा भाग.

चिनी म्हणजे चित्रलिपी, असं आपण सर्रास म्हणतो. पण बहुतेक अक्षरं जोडाची असतात. एक तुकडा अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. आवाजाचा तुकडा एकच असलेली भावंडं वहीत वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली असतात, म्हणून ओळखू येत नाहीत.

[फिल्टरवर क्लिक.]
आता बघा. आवाजाच्या रकान्यात 'छिंग' निवडलं, आणि अख्खं कुटुंब एकाखाली एक उभं राहिलं. उजवा भाग सगळ्यांचा सारखा. डावीकडे पाण्याचे तीन थेंब आले, की 'स्वच्छ'. सूर्य आला, 'निरभ्र'. हृदय आलं, 'भावना'. बोलण्याची खूण आली, 'विनंती करणे'. सूर तेवढा बदलतो. आपल्या बाराखडीत मात्रा बदलली की आवाज बदलतो. इथे आवाज जागेवर, अर्थ बदलतो.

[पिवळी ओळ.]
ही ओळ पिवळी आहे. उजवा भाग तोच, पण उच्चार 'त्साय'. अर्थ, अंदाज करणे. असे अपवादही फिल्टर लावला की लगेच नजरेत भरतात. तयार याद्या हव्या तेवढ्या मिळतात, पण रकाने स्वतःच भरावेत, असं मला मनापासून वाटतं. आवाजाचा भाग कुठला, हे ठरवताना अक्षर जितकं निरखलं जातं, तितकं ते वीस वेळा गिरवूनही निरखलं जात नाही.

आणि ही वर्गवारी आजची नाही. शू शन या विद्वानानं इसवी सन 100 च्या सुमारास 9353 अक्षरं 540 गटांत लावली होती. तीही हातानं.

[लाल झालेले सेल.]
शेवटी उजळणीची तारीख. ती उलटली, की सेल लाल होतो. सकाळी आधी लाल सेल, मग चहा.

आता सहाशेच्या वर ओळी झाल्यात. पहिली परीक्षाही झाली.

[चहाचं पाकीट. बोट अक्षरावर थांबतं. निवेदन नाही.]

पाकिटावर दोन अक्षरं. 'छिंगश्यांग', हलका सुवास. पहिलं थेंबांवरून ताईंनी वाचलं. दुसरं शीटमध्ये नव्हतं.

[नवी ओळ.]
वर धान्य, खाली सूर्य. आवाजाचा रकाना मोकळा ठेवलाय.