नोंदीत नसलेली धार : जुन्को ताबेई

१६ मे १९७५. एव्हरेस्टचे शिखर आता फारसे दूर उरलेले नसताना जुन्को ताबेई यांच्यासमोर एक अशी जागा आली, जिची त्यांना कोणतीही पूर्वकल्पना नव्हती. बर्फाची एक अत्यंत अरुंद, सुरीच्या पात्यासारखी धार पुढे गेली होती. तिच्या एका अंगाला नेपाळ, दुसऱ्या अंगाला तिबेट, आणि दोन्हीकडे थेट खाली कोसळणारे उतार होते. मोहिमेवर निघण्यापूर्वी त्यांनी आधीच्या मोहिमांची वर्णने बारकाईने वाचली होती, परंतु त्यांतील एकाही वर्णनात या धारेचा उल्लेख त्यांना आढळला नव्हता. उभे राहून ती ओलांडणे शक्य नव्हते, म्हणून त्या आडव्या झाल्या, आणि कमरेवरचे शरीर तिबेटच्या बाजूला व पाय नेपाळच्या बाजूला ठेवून सरपटत, कडेकडेने पुढे सरकल्या. अंगावरचे केस उभे राहावेत अशी भीती त्या क्षणी त्यांना वाटली. त्याचबरोबर रागही आला. इतके लोक याच वाटेने जाऊन आले, मग हे कोणीच लिहून का ठेवले नाही?

हा राग समजून घ्यायचा, तर त्यांचा व्यवसाय लक्षात घ्यायला हवा. जुन्को ताबेई जपानच्या भौतिकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात संपादनाचे काम करत असत. मजकुरात काय आहे याबरोबरच काय राहून गेले आहे, हे पाहणे संपादकाच्या अंगवळणी पडलेले असते, आणि ताबेई यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना ही सवय त्यांनी डोंगरावरही सोडली नाही असे वाटत राहते.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १९३९ रोजी जपानच्या फुकुशिमा प्रांतातील मिहारू या छोट्या गावात झाला. मिहारू या नावाचा अर्थ ‘तीन वसंत’. प्लम, पीच आणि चेरी ही तिन्ही झाडे तेथे एकाच वेळी बहरतात, असे या नावाबद्दल सांगितले जाते. सात भावंडांच्या या घरात जुन्को ही पाचवी मुलगी होती, आणि तिची प्रकृती नाजूक समजली जात असे. दहाव्या वर्षी शाळेच्या सहलीत शिक्षकांनी मुलांना नासू येथील डोंगरांवर नेले. डोंगर म्हणजे हिरवागार, अशीच तोवर तिची समजूत होती, पण येथे गवताचे पातेही नसलेली ज्वालामुखीची जमीन आणि गंधकाच्या वासाची वाफ होती. शाळेतल्या खेळांत मागे पडणाऱ्या या मुलीला आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. डोंगर चढताना कोणाशी शर्यत नसते, आपापल्या चालीने चालावे लागते, आणि कितीही दमले तरी आपल्याऐवजी दुसरे कोणी चढू शकत नाही.

गिर्यारोहणाचा खर्च घरच्या परिस्थितीला झेपण्यासारखा नसल्यामुळे त्यानंतरची काही वर्षे मोजक्याच चढायांची गेली. तोक्यो येथील शोवा महिला विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतल्यावर त्या गिर्यारोहण मंडळांमध्ये दाखल झाल्या. ही मंडळे मुख्यतः पुरुषांची होती. काहींनी त्यांना सामावून घेतले, काहींना त्या नवरा शोधायला आल्या आहेत असे वाटले, आणि काहींनी त्यांच्याबरोबर एका दोराला बांधून घेण्यासच नकार दिला. याच काळात तानिगावा या पर्वतावर त्यांची मसानोबू ताबेई या निष्णात गिर्यारोहकाशी ओळख झाली. तानिगावाची उंची दोन हजार मीटरही भरत नाही, तरीही तेथील कड्यांवर आणि बर्फात आजवर आठशेहून अधिक माणसे दगावली आहेत. जुन्को यांच्या आईला हा विवाह पसंत नव्हता, कारण मुलाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. तरीही विवाह झाला, आणि पुढच्या साऱ्या मोहिमांच्या काळात घर आणि मुले सांभाळणारा हा पती नसता, तर या कथेतील बरेच काही घडले नसते.

१९६९ साली ताबेई यांनी केवळ स्त्रियांचे गिर्यारोहण मंडळ स्थापन केले. परदेशातील मोहीम आपल्या आपण करायची, हे त्याचे ब्रीद होते. पुढच्याच वर्षी, १९ मे १९७० रोजी, ७५५५ मीटर उंचीच्या अन्नपूर्णा-३ या शिखरावर दक्षिणेकडील नव्या मार्गाने जुन्को ताबेई आणि हिरोको हिराकावा पोहोचल्या. त्यापूर्वी एकही स्त्री किंवा एकही जपानी गिर्यारोहक या शिखरावर गेला नव्हता.

यानंतर एव्हरेस्टचा विचार सुरू झाला, परंतु नेपाळ सरकारकडून परवानगी मिळाली ती १९७५ सालासाठी. मधली वर्षे पैसा उभा करण्यात गेली, आणि या मोहिमेचा हा भाग मला शिखराइतकाच मोलाचा वाटतो. मदतीसाठी ज्यांच्याकडे जावे, ते बायकांनी घरी राहून मुले सांभाळावीत असे सुनावत. अगदी शेवटी योमिउरी वृत्तपत्र आणि निप्पॉन टेलिव्हिजन यांचे साहाय्य मिळाले, तरीही प्रत्येक सदस्येला स्वतःचे म्हणून जवळजवळ ताबेई यांच्या वर्षभराच्या पगाराएवढी रक्कम भरावी लागली. ताबेई यांनी पियानोच्या शिकवण्या घेतल्या. मोटारींच्या जुन्या आसनांचे कापड आणून त्यातून पाणी न शिरणाऱ्या पिशव्या आणि वरून घालायचे हातमोजे शिवण्यात आले, आणि चीनमधून हंसाची पिसे मागवून झोपण्याच्या पिशव्या घरीच तयार केल्या गेल्या. शाळेच्या जेवणात मुलांनी न उघडलेल्या जॅमच्या पुड्यासुद्धा शिक्षिकांनी मोहिमेसाठी जमा करून दिल्या.

एइको हिसानो यांच्या नेतृत्वाखाली पंधरा स्त्रिया एव्हरेस्टच्या पायथ्याशी पोहोचल्या, तेव्हा उपनेत्या असलेल्या ताबेई यांची मुलगी तीन वर्षांचीही झालेली नव्हती. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर ६३०० मीटरवरील दुसऱ्या छावणीवर हिमलोट कोसळला. तंबूत झोपलेल्या ताबेई आणि त्यांच्या सहकारी बर्फाखाली गाडल्या गेल्या. ताबेई सुमारे सहा मिनिटे बेशुद्ध होत्या, आणि शेर्पांनी बर्फ उपसून त्यांना बाहेर ओढून काढले म्हणूनच त्या वाचल्या. पहिले दोन दिवस त्यांना धड चालताही येत नव्हते, पण कोणाचाही जीव गेलेला नाही हे कळल्याबरोबर चढाई सोडायची नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले.

दोन स्त्रियांनी शिखरावर जावे असा मूळ बेत होता. शेर्पांना उंचीचा त्रास झाल्यामुळे दोघींना पुरतील एवढी ऑक्सिजनची नळकांडी वर नेणे जमले नाही, आणि एकीचीच निवड करण्याची वेळ आली. हिसानो यांनी ताबेई यांचे नाव दिले. हिमलोटानंतर बारा दिवसांनी, आंग त्सेरिंग शेर्पा यांच्यासह, ती धार ओलांडून त्या जगातील सर्वोच्च बिंदूवर उभ्या राहिल्या. एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली स्त्री, ही त्यांची ओळख तेव्हापासून कायमची झाली. केवळ अकरा दिवसांनी तिबेटच्या बाजूने फानथोग या तिबेटी गिर्यारोहक स्त्रीने शिखर गाठले, आणि नऊ वर्षांनी, २३ मे १९८४ रोजी, आपल्या बचेंद्री पाल तेथे पोहोचणाऱ्या पाचव्या स्त्री ठरल्या.

ताबेई यांना मात्र एव्हरेस्ट चढलेली छत्तिसावी व्यक्ती म्हणून ओळखले गेलेले अधिक आवडे. आपण तेथे पहिली स्त्री होण्यासाठी गेलो नव्हतो, असे त्या सांगत. प्रसिद्धी चालून आल्यावरही त्यांनी मोठ्या कंपन्यांचे प्रायोजकत्व घेतले नाही, आणि स्वतः कमावून डोंगर चढणे पसंत केले. २८ जून १९९२ रोजी पापुआतील पुंचाक जया सर करून सातही खंडांची सर्वोच्च शिखरे चढणाऱ्या त्या पहिल्या स्त्री झाल्या. पुढे त्यांचे नाव एका लघुग्रहाला आणि प्लूटोवरील एका पर्वतसमूहाला देण्यात आले.

या यादीपेक्षा मला त्यांच्या आयुष्यातील २००० साल अधिक बोलके वाटते. त्या वर्षी, साठी ओलांडलेल्या ताबेई यांनी क्युशू विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यास पूर्ण केला. विषय होता गिर्यारोहकांनी मागे टाकलेल्या कचऱ्यामुळे एव्हरेस्टच्या पर्यावरणाची होणारी हानी. रिकामी नळकांडी, फाटके तंबू, डबे, मानवी विष्ठा, या गोष्टी शिखरावरच्या छायाचित्रांत येत नाहीत. ज्या वाटेवरील एक अवघड धार कोणी नोंदवून ठेवली नव्हती, त्याच वाटेवर माणसे काय टाकून येतात, हे ताबेई यांनी अभ्यासून लिहिले. हिमालयाच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या जपानी संस्थेचे नेतृत्व त्यांनी केले, नेपाळमध्ये गिर्यारोहकांचा कचरा जाळण्यासाठी भट्टी उभारण्याच्या कामात त्या होत्या, आणि एव्हरेस्टवरील गर्दी आता थांबवून त्या पर्वताला विश्रांती द्यायला हवी, असे त्या स्पष्टपणे म्हणत.

२०११ च्या मार्चमध्ये भूकंप, त्सुनामी आणि अणुदुर्घटना यांनी त्यांच्या फुकुशिमाची दैना केली. पुढच्या वर्षापासून ताबेई यांनी आपद्ग्रस्त भागांतील माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांना दर उन्हाळ्यात फुजीवर नेण्यास सुरुवात केली, आणि एक हजार मुलांना तेथे न्यायचे असे ठरवले. त्याच सुमारास त्यांना पोटाच्या आतील आवरणाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. उपचार चालू असतानाही त्या चालत राहिल्या.

२०१६ च्या जुलैमध्ये त्या विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा एकदा फुजीवर गेल्या. सातव्या टप्प्यापाशी, सुमारे ३०१० मीटर उंचीवर, त्या थांबल्या. मुले वर गेली. त्याच वर्षी २० ऑक्टोबर रोजी जुन्को ताबेई यांचे निधन झाले. हजार मुलांचे ते काम त्यांच्या मुलाने पुढे चालू ठेवले.