दार लावून बोलायची भाषा

मंडळाचे अध्यक्ष, ज्येष्ठ मंडळी आणि मित्रहो,

दोन आठवड्यांपूर्वी मूळच्या जमैकातल्या किंग्स्टनच्या आमच्या शेजाऱ्यांनी आम्हांला इथे टोरांटोत एका जमैकन विनोदी नाटकाला नेले. कथानक ओळखीचेच होते: बायकोपासून लपवाछपवी करणारा नवरा, नको तिथे नाक खुपसणारी शेजारीण आणि सर्वांना उपदेश करणारा पाद्री. प्रेक्षागृह मात्र आपल्या ओळखीचे नव्हते. नवरा खोटे बोलू लागला की मागच्या रांगेतल्या एक आजीबाई उभ्या राहून त्याच्या बायकोला सावध करीत, आणि ती नटीही थांबून त्यांना उत्तर देई. आपण मात्र मंडळाच्या नाटकाला पतपेढीच्या वार्षिक सभेला बसल्यासारखे बसतो आणि बटाटेवड्याच्या वासावरून मध्यंतर किती दूर आहे याचा अंदाज घेतो. मी तर त्यात तज्ज्ञ आहे.

परतताना गाडीत माझ्या 14 वर्षांच्या मुलीने विचारले, “बाबा, हे लोक घरात बोलतात तसेच स्टेजवर बोलतात. मग तुम्ही आजीशी फोनवर बोलताना दार का लावता?”

मी रहदारीचे निमित्त करून गप्प राहिलो. माझी आई मालवणी बोलते आणि तिच्याशी मीही. मुंबईत कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून ‘माका’ निसटले आणि वर्ग हसला, तेव्हापासून ते दार लागलेले आहे.

ज्या पात्वाला, म्हणजे जमैकाच्या बोलीला, ते प्रेक्षागृह हसत होते, तिच्यात ‘पिकनी’ म्हणजे मूल आणि ‘न्याम’ म्हणजे खाणे. शब्द बहुतेक इंग्रजीचे, पण वाक्याच्या घडणीत पश्चिम आफ्रिकेचा ठसा. आणि सुशिक्षित जमैकन तिला मोडके इंग्रजी म्हणून हिणवीत. 1919 साली किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या लुईस बेनेट, म्हणजे सर्वांच्या मिस लू, लंडनच्या नामवंत नाट्यविद्यालयात शिकल्या, तरी कविता आणि नाटके त्यांनी याच बोलीत केली. किंग्स्टनमध्ये 1941 पासून नाताळाच्या सुमारास होणाऱ्या पँटोमाइमचा, म्हणजे गाण्या-विनोदांच्या नाटकाचा, साचा विलायती होता. त्यात लोककथांतल्या अनान्सी या जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या गोष्टी आणि पात्वा रुजवणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. त्यांची अखेरची वर्षे आपल्याच टोरांटोत गेली आणि 2006 साली त्या इथेच वारल्या. इथल्या हार्बरफ्रंट कलाकेंद्रात त्यांच्या नावाची खोली आहे. तिच्यासमोरून मी अनेकदा आइसक्रीम खात गेलो आहे.

त्या रात्री सर्वांत मोठा हशा बोलीवर नव्हताच. तो पडला ठसक्यात इंग्रजी झाडणाऱ्या आणि रागावताच पात्वावर घसरणाऱ्या पाद्रीबुवांवर. मी पोट धरून हसलो आणि मग एकदम थांबलो, कारण तो पाद्री मला फार जवळचा वाटू लागला.

‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकातले तात्या सरपंच आपणा सर्वांना पाठ आहेत. तरीही गेल्या गणेशोत्सवात आपल्या नाटुकल्यात मालवणी कोण बोलले? गडी. वकील आणि डॉक्टर पुणेरी बोलले, आणि ती संहिता, सांगायला संकोच वाटतो, माझीच होती. आपल्या शनिवारच्या मराठी वर्गात वऱ्हाडी आजोबांची नात ‘मले’ म्हणाली, तर तिला आधी सुधारतो. ती काय सांगत होती हे विचारायचे राहून जाते. पुढच्या शनिवारी ती इंग्रजीत बोलते.

मुलीने आता मला मालवणी शिकवायला सांगितले आहे. परवा मी प्रथमच दार उघडे ठेवून, तिला शेजारी बसवून, आईला फोन लावला. दोन मिनिटे बोललो असेन, तोच आईने आवाज खाली आणून विचारले, “घरात कोण बाहेरचो माणूस आसा काय रे?”