पालावरचा पत्ता

(दृश्य : पहाट. गावाबाहेरचा माळ. ताडपत्री आणि जुन्या लुगड्यांची पालं.)

ही पालं काल संध्याकाळी ठोकली. तीन दगडांची चूल पेटली, गाढवं चरायला सुटली. आठ-दहा दिवसांनी बिऱ्हाड पुढच्या गावी. वैदू, घिसाडी, नंदीवाले, डवरी गोसावी... पिढ्यान्‌पिढ्या हेच.

या भटक्या-विमुक्त जमातींसाठी आश्रमशाळा आहेत, शिष्यवृत्ती आहे, महामंडळाचं कर्ज आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर मिळतं. योजना चांगली आहे. पण आधी जातीचा दाखला काढावा लागतो.

दाखल्यासाठी पुरावा मागतात तो २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. तेव्हा घराणं महाराष्ट्रात राहत होतं, हे दाखवायचं. आजा तेव्हा कुठे होता? कुठल्यातरी वेशीबाहेर, अशाच पालात. जन्मला एका जिल्ह्यात, लग्न दुसऱ्यात, माती तिसऱ्यात. शाळेचं तोंड पाहिलं नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. कागद आणायचा कुठून?

(दृश्य : सोलापूर, सेटलमेंटचा परिसर.)

सरकारला नोंद ठेवता येत नव्हती असं नाही. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, त्यांची हजेरी घेतली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. संशय मात्र गेला नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून, भिक्षा मागायला आलेल्या पाच डवरी गोसाव्यांना जमावानं ठेचून मारलं. त्यांतली बरीचशी माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची होती. ज्यांना गाव उभं करत नाही, त्यांना त्याच गावच्या तलाठ्याकडून रहिवासाचा कागद आणायला सांगणं क्रूर आहे.

(दृश्य : मढी. यात्रा, गाढवांचा बाजार.)

पाथर्डी तालुक्यातल्या मढीला होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा असते. गाढवांचा बाजार भरतो, वर्षभर पांगलेली भावकी भेटते. कोण कुणाचा नातू, कोणाचं पाल कुठं होतं, हे तोंडपाठ असलेली म्हातारी माणसं इथं सापडतात. दाखला देणाऱ्या प्रांताधिकाऱ्यांनी आपलं टेबल इथं मांडावं. या म्हाताऱ्यांची साक्ष लिहून घ्यावी, गृहचौकशी, म्हणजे घरी जाऊन करायची जातीची चौकशी, पालावर बसून करावी आणि दाखला इथंच, यात्रा उठायच्या आत, हातात द्यावा.